पार्श्वभूमी : ‘मारियाची’ हा शब्द कुठून आला?

मारियाची म्हणजे मेक्सिकोतलं लोकसंगीत आणि ते वाजवणाऱ्यांचा ताफा. त्याचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. मेक्सिकोत फ्रेंच फौजा होत्या, फ्रेंचांच्या लग्नात गावचे वादक वाजवायला जात, आणि लग्नाला फ्रेंचमध्ये ‘मारियाज’ म्हणतात म्हणून वादकांचं नाव मारियाची पडलं. पर्यटकांना ती आजही ऐकवतात. पण तारखा जुळत नाहीत.

फ्रेंच फौजा देशात शिरल्या १८६२ च्या सुमारास. त्याच्या दहा वर्षं आधी, मे १८५२ मध्ये, आजच्या नायारित राज्यातल्या रोसामोरादा गावच्या धर्मगुरूनं ग्वादालाहाराच्या बिशपांकडे लेखी तक्रार केली होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी उपासना आटोपून पाहतो तर चर्चसमोरच्या चौकातच दोन ठिकाणी नाचगाणं रंगलेलं, जुगाराचं टेबल मांडलेलं आणि दारू प्यालेली माणसं, कुणी पायी तर कुणी घोड्यावर, आरडाओरडा करत फिरतायत. असल्या करमणुकीला या भागात सर्रास ‘मारियाची’ म्हणतात, असं त्यानं लिहिलं. हे पत्र १९८१ मध्ये उजेडात आलं आणि लग्नाच्या गोष्टीचा पायाच गेला.

त्या पत्रात मारियाची म्हणजे वादक नव्हेत, तो अख्खा जलसा. वाजवणाऱ्यांना ते नाव पुढं चिकटलं. नाचासाठीच्या लाकडी पाटाशी, एखाद्या झाडाशी, मूलनिवासींच्या भाषेशी या शब्दाचं नातं सांगणारे आहेत. खात्रीचा पुरावा कशालाच नाही. पण शब्द तिथल्याच मातीतला असावा, हे मानायला मला अडचण वाटत नाही. खेडुतांच्या शब्दाचं श्रेय परक्या फौजेला देऊन टाकणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

व्हायोलिन आणि हार्प स्पॅनिशांबरोबर आले, ठेक्यांत आफ्रिकेचाही वाटा आहे. पण पश्चिम मेक्सिकोच्या सुतारांनी स्वतःचीही वाद्यं घडवली. गिटारॉन हे मोठ्या गिटारसारखं वाद्य बघा. पोट फुगलेलं, सहा तारा, दांडीवर पडदे नाहीत. खर्जाचा स्वर मोठा निघावा म्हणून वादक अंगठ्यानं आणि बोटानं दोन तारा एकदम ओढतो. एकच स्वर दोन सप्तकांत घुमतो. माइक नसलेल्या अंगणात नाचणाऱ्यापर्यंत ठेका पोचायचा तर ही युक्ती हवीच.

पुढचा बदल मात्र झपाट्यानं झाला. हालिस्को राज्यातल्या कोकुला गावचे चौघे वादक १९०५ मध्ये राजधानीत गेले, १९०८ मध्ये त्यांच्या तबकड्या निघाल्या. १९१० च्या मेक्सिकन क्रांतीनंतरच्या सरकारांना सगळ्या देशाचं म्हणता येईल असं संगीत हवं होतं. १९३० नंतर रेडिओ आणि पाठोपाठ सिनेमा आला. सुती कपडे आणि चपला घालणारे वादक चांदीच्या बटणांच्या घोडेस्वारी पोशाखात दिसू लागले. रेडिओवर उठून ऐकू येणारा ट्रम्पेट वाद्यमेळात शिरला, १९५० च्या दशकात दोन ट्रम्पेटांची पद्धत रुळली आणि बऱ्याच ताफ्यांतून हार्प मागं पडला.

२०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत मारियाचीची नोंद झाली. नोंदीच्या शीर्षकात तंतुवाद्यं आणि गाण्याबरोबर ट्रम्पेटही आहे. हालिस्को आणि नायारितमध्ये ट्रम्पेटशिवाय वाजवणारे ताफे अजून आहेत. वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांना आता ‘पारंपरिक मारियाची’ म्हणतात.