सिंक साउंडचा पुरस्कार: वादाची पार्श्वभूमी

सिनेमातला ध्वनी ही कला आहे, हे मुंबईत आता कुणी नाकारत नाही. त्या कलेतला लोकेशनवर आवाज टिपणाऱ्या माणसाचा वाटा किती, यावर मात्र खटके उडतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतला सिंक साउंडचा, म्हणजे शूटिंगच्या वेळीच मुद्रित केलेल्या संवादांचा, वेगळा पुरस्कार गेला, तो वाद त्यातलाच.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये भारतातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला. त्याचा स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ असल्यानं मध्यरात्र उलटून गाड्या थांबल्या की काम चाले आणि संवाद, गाणी सगळं सेटवरच मुद्रित होई. पुढे पार्श्वगायन रुळलं. मग हलके पण घरघर करणारे कॅमेरे आले आणि संवादही सेटवरून गेले: तिथे नुसता पायलट ट्रॅक, म्हणजे डबिंगला आधार म्हणून घेतलेला कच्चा आवाज, नट नंतर डबिंगला, पावलं-बांगड्यांचे आवाज स्टुडिओत नव्यानं करणाऱ्या फोलीवाल्यांकडे. फोलीत मोठं कसब आहेच. पण त्या दशकांत युनिटची गप्प राहायची सवय मोडली आणि रेकॉर्डिस्ट सेटवरचा अडथळा ठरला. ‘लगान’नं २००१ मध्ये सिंक साउंड वापरला, तोवर हिंदीत तो अपवादच होता.

राष्ट्रीय पुरस्कारांत ध्वनीसाठी बराच काळ एकच सन्मान होता. २००९ सालच्या चित्रपटांपासून त्याचे तीन भाग झाले: लोकेशन साउंड रेकॉर्डिस्ट, पूर्ण ध्वनिपट आखणारा साउंड डिझायनर आणि सगळ्या आवाजांचं अंतिम मिश्रण करणारा. यातला लोकेशनचा पुरस्कार फक्त सिंक साउंडच्या चित्रपटांसाठी होता. जुलै २०२२ मध्ये तो एका कन्नड चित्रपटाला जाहीर झाला आणि त्याच चित्रपटाच्या साउंड डिझायनरनं सांगितलं की हा तर डब केलेला आहे. परीक्षकांची चूक झाली, एवढ्यावर हे सोडून देता येत नाही. चांगलं डबिंग आणि फोली ओळखू न येण्यासाठीच केलेली असते; नुसतं ऐकून निवाडा करायचा तर चकवा बसणारच. सेटवरचे मूळ ट्रॅक किंवा साउंड रिपोर्ट (सेटवरच्या ध्वनिमुद्रणाच्या लेखी नोंदी) मागवले असते, तर उलगडा लगेच झाला असता.

२०२२ सालच्या चित्रपटांसाठीचे पुरस्कार २०२४ मध्ये जाहीर झाले, तोवर तिन्ही भाग जाऊन एकटा ‘साउंड डिझाइन’चा पुरस्कार उरला होता. पडताळणी कडक करायची सोडून विभागच काढला, हे माझ्या मते चुकलं. डिझायनर पूर्ण ध्वनिपटाचा विचार करतो, त्याचा मान रास्तच आहे. पण वर्सोव्याच्या गल्लीत जनरेटर, रिक्षा आणि कावळ्यांमधून नटाचा पहिला, खरा उच्चार वाचवणाऱ्या रेकॉर्डिस्टसाठी आता त्या यादीत वेगळी जागा नाही.