तिला इच्छा होती म्हणजे तिचा होकार होता का?

बाईला सेक्सची इच्छा असणं आणि तिने होकार देणं, या दोन गोष्टी लोक सर्रास एकच धरतात. इच्छा आपोआप होते, कधी येते कधी जाते, तिच्यावर खुद्द त्या बाईचाही कंट्रोल नसतो. होकार हा निर्णय असतो, याच माणसाबरोबर, आत्ता, एवढंच, आणि तो मधेच मागेही घेता येतो.

मला तर वाटतं हा गोंधळ लोकांना सोयीचाच आहे. एखादीच्या पर्समध्ये कंडोम सापडला की लगेच 'हिला हवंच होतं ना', पण कुणाबरोबर आणि कधी, हे कोण विचारतंय, आणि तोच पुरुषाच्या पाकिटात निघाला तर तो जबाबदार मुलगा. कोर्टातही वर्षानुवर्षं हेच, बाईचे आधीचे संबंध उकरून काढायचे आणि त्यावरून या वेळचा होकार गृहीत धरायचा. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत याला लगाम घालणारा नियम आला तो थेट १९७८ मध्ये.

आता उलटं. होकार आहे पण इच्छा नाही. दमलेली बायको 'बरं, चल' म्हणते आणि मनात उद्याच्या अलार्मचा हिशोब चालू. यात दरवेळी जबरदस्ती असते असं नाही, प्रेमापोटी किंवा मूल हवंय म्हणूनही बायका हो म्हणतात. रोझमेरी बॅसन या डॉक्टरांनी २००० साली मांडलं की खूप बायकांना आधी इच्छा नसते, जवळीक सुरू झाल्यावर ती जागी होते. हे वाचून 'सुरू तर करू, मूड येईल आपोआप' म्हणणारे महाभाग आहेतच (त्यांना अर्धंच वाचायची सवय), पण बॅसनच्या मांडणीत सुरुवात बाईच्या स्वतःच्या तयारीने होते. नाही म्हटलं तर दोन दिवस याचं तोंड फुगणार, या धाकाने आलेला हो यात बसत नाही.

आणि शरीराचं तर तिसरंच. ओलावा आला म्हणजे इच्छा आहे असंही नाही, होकार तर लांबच. २०१० मध्ये मेरेडिथ चिव्हर्स या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने प्रयोग एकत्र करून बघितले, शरीराचा प्रतिसाद आणि स्वतःला जाणवलेली उत्तेजना यांचा मेळ (० म्हणजे मेळच नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) पुरुषांत ०.६६ आणि बायकांत जेमतेम ०.२६ निघाला. बलात्कारातही शरीर असा प्रतिसाद देऊ शकतं, आणि हे कुणी सांगितलेलंच नसतं म्हणून कितीतरी जणी स्वतःलाच दोष देत बसतात.