मायनर लीगच्या मॅनेजरचं काम फक्त जिंकणं नाही

‘निवृत्त कॅचरला मायनर लीगचा संघ मिळतो, तो सामने जिंकत गेला की मेजर लीगमध्ये बढती पक्की,’ असं अमेरिकन बेसबॉलबद्दल वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मेजर लीग म्हणजे तिथली सर्वांत वरची पातळी, मायनर लीग तिच्या खालची; कॅचर म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. अर्धी गोष्ट खरी आहे: पुष्कळ कॅचर मॅनेजर होतात. संघातले बाकीचे आठही जण कॅचरच्या नजरेसमोर असतात आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरशी खाणाखुणा त्याच्याच.

पण मेजर लीग क्लबशी जोडलेल्या, म्हणजे संलग्न, मायनर लीग संघात खेळाडू, कोच, मॅनेजर, सगळ्यांचा पगार तो वरचा क्लब देतो. स्थानिक मालकाकडे मैदान नि तिकिटं. पिचरने किती चेंडू टाकायचे, रोज कोणाला खेळवायचं, वर कधी बोलवायचं, हे क्लब ठरवतो. दुखापतीतून सावरणारा मेजर लीगचा पिचर सहसा ३० दिवसांपर्यंत, इतर खेळाडू २० दिवसांपर्यंत इथे खेळून जातात. तेवढे दिवस नेहमीचा पोरगा बाकावर.

पडताळायचं तर एखाद्या तरुण पिचरच्या लागोपाठ चार सामन्यांचे बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचे तक्ते, उघडा. एकही धाव दिलेली नसली तरी तो पाचव्या-सहाव्या इनिंगला बदललेला दिसेल, आणि टाकलेल्या चेंडूंचा आकडा दर वेळी साधारण एकाच जागी थांबलेला. मग खेळाडूंच्या बढती-बदलीची यादी पाहा. बॅट तळपली की पोरगा वर जातो, मग इथला संघ प्ले-ऑफच्या उंबरठ्यावर का असेना.