दुरुस्तीला निघालेलं यंत्र कचरा कधी ठरतं?

ई-कचऱ्यावरचे आंतरराष्ट्रीय नियम सुरू झाले ते संगणकांमुळे नव्हे. १९८०च्या दशकात श्रीमंत देशांत विषारी कचऱ्याची विल्हेवाट महागली आणि तो गरीब देशांकडे वळला. १९८८मध्ये नायजेरियातल्या कोको इथे इटलीहून आलेली घातक रसायनांची पिंपं उघडकीस आली. पुढच्याच वर्षी बाझल करार झाला आणि १९९२पासून तो लागू झाला. घातक कचरा पाठवायचा तर घेणाऱ्या देशाला आधी कळवून त्याची लेखी संमती घ्यायची, हा त्याचा गाभा. श्रीमंत देशांतून इतरत्र असा कचरा पाठवण्यावर संपूर्ण बंदीचं कलम १९९५मध्ये मंजूर झालं, पण प्रत्यक्षात लागू व्हायला डिसेंबर २०१९ उजाडला.

मधल्या काळात भंगार बदललं. जाड काचेचे जुने टीव्ही, मॉनिटर आणि फोन ढिगाने निघू लागले. जुलै २००६पासून युरोपात नव्या उपकरणांतल्या शिसं, पारा, कॅडमियम यांच्यावर मर्यादा आली. मात्र आधी विकलेल्या संचांमधलं शिसं कुठेच गेलं नव्हतं.

खरा वाद पुढचाच आहे. करार लागू होतो तो कचऱ्याला. चालू स्थितीतला जुना लॅपटॉप हा माल आहे, यावर कुणाचं दुमत नाही. पण बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्तीसाठी म्हणून जहाजावर चढवला, तर तो माल की कचरा? २०१५मध्ये सदस्य देशांनी तात्पुरती मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि अशा उपकरणाला अटींवर कचऱ्यातून वगळण्याची वाट ठेवली. दुरुस्ती करणाऱ्याशी करार हवा, सोबत कागदपत्रं हवीत, वाटेत नुकसान होऊ नये असं पॅकिंग हवं आणि दुरुस्तीनंतर उरलेल्या घातक भागांची नीट विल्हेवाट लागायला हवी. दुरुस्ती करणाऱ्यांच्या दृष्टीने ही वाट रास्त होती, कारण वस्तू फोडून धातू काढण्यापेक्षा ती पुन्हा चालवण्यात कितीतरी अधिक वाचतं. आक्षेप घेणाऱ्यांना यात मोठं भगदाड दिसलं. त्यांची भीती मला अधिक पटते. बंदरावर कंटेनर उघडल्यावर अधिकाऱ्याला हेतू दिसत नाही, दिसतो तो माल. प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला आहे का, त्यावर चाचणीची नोंद आहे का, की फुटलेले पडदे आणि तुटलेल्या वायरी एकावर एक रचल्या आहेत? बंद यंत्र दुरुस्त होण्याजोगं आहे हे पाठवणाऱ्यानेच सिद्ध करावं. त्याचा भार घेणाऱ्या देशावर टाकणं अन्यायाचं आहे.

२०२२मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांच्या रीतसर संकलनाची व पुनर्चक्रणाची नोंद आहे. त्याच वर्षी बाझल करारात ठरलेल्या बदलानुसार १ जानेवारी २०२५पासून घातक नसलेल्या ई-कचऱ्यालाही पूर्वसंमती लागते. दुरुस्तीचा प्रश्न मात्र त्यानेही मिटलेला नाही.

जुन्या लाकडाची गोष्ट थोडक्यात, पण अडचण तीच: नुसतं पाहून घातक कोणतं आणि साधं कोणतं हे कळत नाही. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण लाकडात मुरवून वाळवी रोखण्याची पद्धत १९३०च्या दशकात एका भारतीय संशोधकाने शोधली. ती जगभर पसरली. अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड तयार करणं २००३अखेर थांबलं, पण आधीचे खांब, कुंपणं आणि ओटे अजून निघतच आहेत. नवेपणी हिरवट दिसणारं हे लाकूड उन्हापावसात करडं पडतं आणि साध्या लाकडात मिसळून जातं. जाळलं तर राखेत आर्सेनिक उरतं. जर्मनीने २००३पासून जुन्या लाकडाचे चार वर्ग लागू केले. पहिल्यात कोरं लाकूड, तर शेवटच्यात रसायन मुरवलेलं.

मालवाहू पॅलेटचं बरं आहे. २००२च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यावर शिक्का असतो. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या कीडनाशक वायूची धुरी दिलेलं. पाडलेल्या घरातून निघालेल्या तुळईवर असा शिक्का नसतो. ती कुठे, कशासाठी बसवली होती हे पाडतानाच लिहून ढीग वेगळे ठेवावे लागतात. एकदा भुसा झाला की वेगळं करायला काही उरत नाही.