‘उद्यापासून येऊ नको’: एचआयव्हीमुळे काम गेलं तर तक्रार कशी करायची

आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा एकच कागद असतो, एचआयव्हीचा रिपोर्ट. मालकाला तो दाखवायची काहीच गरज नसते. आणि जो खरंच लागतो, कामावरून काढल्याचा पुरावा, तो कुणाकडेच नसतो.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 चा, लागू 10 सप्टेंबर 2018 पासून. नोकरी देताना चाचणीची अट घालता येत नाही, निव्वळ लागण आहे म्हणून काढताही येत नाही. सोबत राहणाऱ्यांनाही संरक्षण आहे. नवरा पॉझिटिव्ह म्हणून बायकोचं काम सुटलं, तर तीसुद्धा तक्रार करू शकते.

आता पुराव्याचं. वाळूजची एमआयडीसी असो की जालन्याची स्टीलची भट्टी, ठेकेदार तोंडीच सांगतो. पत्र मागितलं की हसतो. म्हणून त्याच दिवशी साध्या कागदावर लिहा, ‘अमुक तारखेपासून मला कामावर घेतलं नाही, कारण लेखी कळवा’, आणि स्पीड पोस्टाने पाठवा. पावती जपून ठेवा. आजाराचं नाव त्यात घालू नका. सोबत गेटपास, पगार जमा झालेली पासबुकाची पानं, पीएफची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज. मोबाइल बदलायच्या आधी मेसेजचे फोटो काढून ठेवा, एकाचे सगळे गेले.

मालक कधीकधी ‘अनफिट’ची चिठ्ठी पुढे करतो. कंपनीच्याच डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. स्वतंत्र, पात्र डॉक्टरचा लेखी अभिप्राय लागतो. शिवाय कामात थोडा बदल करून देणं का परवडत नाही, याचं मालकाचं लेखी निवेदन. दोन्हीच्या प्रती कामगाराला द्यायच्या असतात. दुसरा कागद मी तरी आजवर पाहिलेला नाही.

100 किंवा जास्त माणसं असतील (दवाखान्यात 20) तर तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. ‘असं पद आमच्याकडे नाही’ म्हणाले, तर तेच लिहून मागा. तिथे दाद लागली नाही की याच कायद्याखालचा लोकपाल. हा राज्य सरकार नेमतं. पत्ता सिव्हिलमधल्या डापकूत (जिल्हा एड्स नियंत्रण कक्षात) विचारा, नाहीतर 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन करा.

कायद्यात ‘30 दिवस’ वाचून बरेच जण फसतात. ते लोकपालाने आदेश द्यायचे दिवस आहेत, तुमच्या तक्रारीचे नव्हेत. महिना उलटला म्हणून घरी बसू नका. उशीर मात्र करू नका. आदेश मालकाने पाळला नाही, तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, पुढे दररोज 5,000 पर्यंत.

जे अजून कामावर आहेत त्यांना एवढंच, रजेच्या अर्जाला एआरटीचं (एचआयव्हीच्या औषधोपचाराचं) पुस्तक जोडू नका. रुग्णालयाचा साधा ओपीडी केसपेपर काढा, त्याची झेरॉक्स द्या. एका सुपरवायझरने त्या पुस्तकाची झेरॉक्स बाकीच्या रजेच्या अर्जांसोबत केबिनबाहेरच्या फळ्यावर टाचून ठेवली होती.