प्रवाळ मत्स्यालय, घरगुती : सोलापूर परिसर

काचेच्या टाकीत खारे पाणी, दगड, प्रकाश आणि प्रवाह यांचा मेळ घालून जिवंत प्रवाळ घरात वाढवण्याचा छंद. शौकीन मंडळी त्याला ‘रीफ टँक’ म्हणतात. ही नोंद मुख्यतः मृदू प्रवाळांविषयी, म्हणजे बाजारात ‘सॉफ्ट कोरल’ या नावाने मिळणाऱ्या जातींविषयी आहे, आणि सोलापूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मी. उंचीवर आणि किनाऱ्यापासून अडीचशेहून अधिक किलोमीटर आत असलेल्या या शहरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे इतर ठिकाणची कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. पाणी आणि उष्मा ज्याला सांभाळता आले, त्याचीच टाकी टिकते.

प्रवाळ हा प्राणी आहे, किंबहुना पॉलिप नावाच्या असंख्य चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. मृदू प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपाला पिसासारखे आठ संस्पर्शक (अन्न पकडणारे हात) असतात. दगडी प्रवाळ बांधतो तसा चुन्याचा अखंड सांगाडा तो बांधत नाही. त्याच्या मांसल अंगात चुन्याच्या सूक्ष्म कंटिका (बारीक काटे) विखुरलेल्या असतात. त्यामुळे पाण्यातले कॅल्शियम रोज मोजून भरून काढण्याची धावपळ वाचते, आणि नवशिक्याने मृदू प्रवाळापासूनच सुरुवात करावी ती याच कारणाने. त्याच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवल राहते. ते प्रकाशावर अन्न बनवते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. डेंड्रोनेफ्थिया या गुलाबी-केशरी, मोह पाडणाऱ्या प्रवाळात मात्र हे शैवल नसते. त्याला सतत सूक्ष्म अन्न लागते, आणि घरच्या टाकीत तो बहुधा उपासमारीने झिजून मरतो. तो विकत घेऊच नये.

खरेदीआधी कायदा माहीत हवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ येतात, समुद्रघोडेही येतात. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत आणि १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. सहलीत तिथून उचललेला तुकडा ‘आठवण’ म्हणून घरी आणणे हा गुन्हा ठरू शकतो. ‘लाइव्ह रॉक’ (जिवाणू वसलेला समुद्री दगड) म्हणून विकला जाणारा दगडही पुष्कळदा मेलेल्या दगडी प्रवाळाचाच असतो. त्याऐवजी सच्छिद्र चिनीमातीचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड घ्यावेत. दुकानदाराकडे प्रजातीचे नाव आणि आयातीची कागदपत्रे मागायला संकोच करू नये. दुसऱ्या शौकिनाच्या टाकीत वाढलेले कलम (प्रवाळाचा कापून वाढवलेला तुकडा) मिळाले तर सर्वांत उत्तम, कारण त्यासाठी समुद्रातून काहीच काढावे लागत नाही.

पाणी. टाकीतला समुद्र शून्यापासून बनवायचा असतो, म्हणजे ज्यात विरघळलेले क्षार जवळजवळ नाहीत असे पाणी आधी लागते. उजनी धरणातून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतात, शिवाय नळापर्यंत पोचताना त्यात क्लोरीन पडते. बोअरचे पाणी जड. यांपैकी कोणतेही थेट वापरले तर काही आठवड्यांतच दगडांवर केसाळ हिरवे शेवाळ चढते. ‘आमच्या घरी आरओ आहे’ एवढेही पुरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे मीटरवर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य दिसत नाही. आरओनंतर डीआय रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणारी, नळी जोडून शून्य गाठावे लागते.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर वाया जाते, ही आरओची दुखरी बाजू. शंभर लिटरच्या टाकीला आठवड्याला पाणी बदलायला दहा लिटर आणि उन्हाळ्यात आटलेले भरून काढायला आणखी पंधरा-वीस लिटर धरले, तरी नव्वद लिटरांच्या आसपास टाकाऊ पाणी निघते. जिथे पाण्याच्या दिवशी घरातली सगळी पिंपे भरून ठेवावी लागतात, तिथे हे पाणी मोरीत सोडणे परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही. फरशी, धुणे, संडास यांसाठी ते सहज चालते. ही सोय जमत नसेल तर छंद लहान टाकीपुरता ठेवावा किंवा पुढे ढकलावा.

शंभर लिटरला साडेतीन ते चार किलो समुद्री मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे बरेच काही असते. मिश्रण बादलीत पंप लावून दिवसभर फिरवावे आणि रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजण्याच्या उपकरणाने) तपासावे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ म्हणजे एका किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. आटते ते फक्त पाणी. मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या शुद्ध पाण्याचीच घालायची. दोन लिटर रोज आटणाऱ्या शंभर लिटरच्या टाकीकडे चार दिवस लक्ष दिले नाही, तर खारेपणा ३५ वरून ३८ वर जातो. गावाला जाताना शेजाऱ्याला काचेवरची खूण दाखवून जावे, आणि भरायचे कॅन वेगळे काढून त्यावर ठळक चिठ्ठी लावावी.

उष्मा. मृदू प्रवाळाला २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. पाणी ३० च्या वर टिकून राहिले की शैवल प्रवाळाला सोडून जाते आणि तो पांढरा पडतो. इथे सोलापूरची कोरडी हवा मदतीला येते. माठात पाणी गार होते त्याच तत्त्वावर, पाण्याच्या पृष्ठावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवन टाकीतली उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात. बाहेरून नवी उष्णता आली नाही तर तेवढ्याने शंभर लिटर पाणी जवळजवळ सहा अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात खोली तापत राहते, म्हणून फरक तीन-चार अंशांचा पडतो, पण तोही मोलाचा. रत्नागिरीच्या दमट मे महिन्यात हाच पंखा फारसे काही करू शकत नाही. मात्र सोलापुरातही टाकीच्या बंद खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर हवा ओलसर होऊन टाकीवरच्या पंख्याचा जोर कमी होतो. एक खिडकी उघडी हवी. गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीत पंखा पुरत नाही. तिथे चिलर (पाणी गार करणारे यंत्र) घ्यावा, नाहीतर टाकी खालच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीज गेल्यावर धोका तापमानापेक्षाही आधी गुदमरण्याचा असतो, म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर निदान वेव्हमेकर (पाणी हलते ठेवणारा पंप) जोडावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री उलट छोटा हीटर लागतो.

बाकीची मांडणी साधी आहे. टाकी, पाणी आणि दगड मिळून वजन दीडशे किलोच्या घरात जाते, तेव्हा स्टँड मजबूत हवा. प्रवाह सर्व बाजूंनी हलता असावा, पण प्रवाळावर थेट धार नको. निळ्याकडे झुकणारा एलईडी प्रकाश आठ-नऊ तास पुरतो. शहराच्या पूर्व भागात घराला लागून यंत्रमाग असेल तर सुताची तूस पाण्यावर बसते. पृष्ठावरचे पाणी ओढून घेणारी सोय अशा घरी आवर्जून करावी.

टाकी भरल्या दिवशी प्रवाळ टाकणे ही सर्वांत महाग चूक. टाकीतले जिवाणू घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करायला शिकेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की पुढे जावे. सोलापुरात दसऱ्याला टाकी भरावी, दिवाळीनंतर एखादी पैदास केलेली क्लाउनफिशची जोडी सोडावी आणि जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेपर्यंत पहिले प्रवाळ बसवावेत, हा क्रम उत्तम. उन्हाळ्याआधी टाकीला स्थिरावायला वेळ मिळतो. मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पुण्या-मुंबईहून पार्सल मागवू नये. थर्माकोलच्या खोक्यातली पिशवीसुद्धा वाटेत तापते.

सुरुवातीला बोटांसारख्या फांद्यांचा सिन्युलॅरिया आणि छत्रीसारखा सार्कोफायटन हे मृदू प्रवाळ घ्यावेत. सार्कोफायटन अधूनमधून आठवडाभर मिटून राहतो, त्यावर मेणचट पापुद्रा चढतो आणि तो मेला असे वाटते. त्याला हात लावू नये; पापुद्रा गळाला की तो पुन्हा उमलतो. झेनिया या मृदू प्रवाळाचे पॉलिप मुठीसारखे उघडझाप करतात. पाहणारा हरखून जातो, पण तो गाजरगवतासारखा पसरतो, तेव्हा त्याला सुटा दगड द्यावा. हे प्रवाळ एकमेकांशी रसायनांनी लढतात; पाण्यात सक्रिय कोळसा ठेवल्याने ते विष शोषले जाते. माशांचे तांबेयुक्त औषध टाकीत कधीही घालू नये, प्रवाळ मरतात.

झोअँथिड आणि मशरूम या नावांचे प्रवाळ दुकानात ‘सॉफ्ट’ म्हणून मिळत असले तरी शास्त्रात ते दगडी प्रवाळांच्या जवळचे आहेत. झोअँथिडांपैकी पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असू शकते. त्याला हात लावताना हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि तो चिकटलेला दगड कधीही उकळू नये. वाफेतून घरातल्या सगळ्यांना बाधा होऊ शकते.

वर्षभरात सार्कोफायटनची छत्री तळहाताएवढी झाली की कलम करता येते. धारदार पात्याने तुकडा कापायचा, छोट्या दगडावर ठेवून वर जाळीचे कापड सैल बांधायचे आणि मंद प्रवाहात ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांत तो दगडाला धरतो. मूळ बुंध्यावरही नवी छत्री फुटते, आणि कलम दुसऱ्या घरी जायला तयार होते.