अभ्रिकांचे हौशी छायाचित्रण (कोल्हापूर परिसर)

आंतरतारकीय वायू व धूळ यांच्या मेघांची, म्हणजेच अभ्रिकांची, छायाचित्रे खाजगी मालकीच्या लहान दुर्बिणीतून घेण्याचा छंद. मानवी डोळा प्रकाश साठवू शकत नाही, मात्र छायापटल किंवा संवेदक तो तासन्‌तास साठवतो. म्हणून दुर्बिणीतून करडा धूसर पुंजका दिसणारी अभ्रिका छायाचित्रात रंग व रचनेसह उमटते. मृग नक्षत्रातील अभ्रिकेचे पहिले छायाचित्र हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी ११ इंची दुर्बिणीतून, ५१ मिनिटे प्रकाश साठवून घेतले. आज ६० ते ८० मिलिमीटर व्यासाच्या अपवर्तक (भिंगाच्या) दुर्बिणीतून घरच्या गच्चीवरही त्याहून कितीतरी अधिक तपशील मिळतो.

दुर्बीण घेताना नवशिक्या तिच्या व्यासाकडे पाहतो, पण खर्चाचा मोठा वाटा तिला पेलून फिरवणाऱ्या बैठकीवर (माउंटवर) पडायला हवा. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दर सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो. नाभीय अंतर ४०० मिलिमीटर व पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा असल्यास तो सेकंदाच्या सुमारे आठव्या भागातच एक पिक्सेल ओलांडतो. त्यामुळे पृथ्वीच्या अक्षाशी समांतर लावलेला इक्वेटोरियल माउंट आणि त्याची चूक क्षणोक्षणी दुरुस्त करणारा गायडिंग कॅमेरा यांना पर्याय नाही. प्रत्येक चित्र काही मिनिटांचेच घेऊन अशी अनेक चित्रे संगणकावर एकत्र केली जातात, ज्याला स्टॅकिंग म्हणतात. शंभर चित्रांच्या बेरजेत संकेताच्या तुलनेतील गोंगाट दहापट घटतो. डार्क (झाकण लावून घेतलेल्या) व फ्लॅट (एकसारख्या उजेडाच्या) चित्रांनी संवेदकाचे दोष आणि भिंगावरील धुळीचे डाग काढून टाकावे लागतात. कंटाळवाणे असले, तरी हे काम टाळणाऱ्याचे चित्र लगेच ओळखू येते.

उत्सर्जन अभ्रिकांचा, म्हणजे ज्यांतील वायू स्वतः प्रकाशतो अशांचा, लाल प्रकाश मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या वर्णरेषेचा असतो आणि साध्या कॅमेऱ्यातील गाळणी नेमका तोच बराचसा अडवते. त्यामुळे हौशी मंडळी ती गाळणी काढून घेतात किंवा थंड ठेवता येणारा खगोल-कॅमेरा वापरतात. हायड्रोजन व ऑक्सिजनच्या रेषांखेरीज बाकी प्रकाश अडवणारा दुहेरी फिल्टर लावला, तर कोल्हापूर शहरातील एलईडी दिव्यांच्या उजेडातही उत्सर्जन अभ्रिका टिपता येतात. कृत्तिकांभोवतीच्या परावर्तन अभ्रिकेला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण तिचा प्रकाश ताऱ्यांचाच असतो. तिच्यासाठी गगनबावडा किंवा मसाई पठार यांसारख्या अंधाऱ्या जागी जावे लागते. राधानगरी-दाजीपूरचे आकाशही काळे आहे, पण ते गव्यांचे अभयारण्य असल्याने रात्री तेथे मनाप्रमाणे वावरता येत नाही.

सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशामुळे येथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सतरा अंशांवर असतो आणि गच्चीवरून अनेकदा शेजारच्या इमारतीआड जातो. अशा वेळी ताऱ्याचे सरकणे पाहून किंवा चित्रावरून दिशा ओळखणाऱ्या आज्ञावलीच्या मदतीने बैठक ध्रुवाशी जुळवली जाते. याच अक्षांशाचा फायदाही आहे. उत्तर युरोपात कधीच न उगवणारी नौकातल (कॅरिना) तारकासमूहातील अभ्रिका येथे एप्रिलमध्ये रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला सुमारे तेरा अंशांपर्यंत चढते. मात्र इतक्या खालून येणारा प्रकाश हवेच्या सुमारे चौपट जाड थरातून येत असल्याने तिच्यासाठी स्वच्छ दक्षिण क्षितिज हवे.

धनु राशीतील लगून अभ्रिका मध्यरात्री आपल्या सर्वाधिक उंचीवर येते ती जूनअखेरीस, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तिचे काम एप्रिल-मेच्या अमावास्यांच्या आसपास, उत्तररात्री उरकावे लागते. हंस तारकासमूहातील ‘उत्तर अमेरिका’ नावाच्या अभ्रिकेलाही पावसाचाच अडसर असतो, पण ऑक्टोबरमध्ये रात्री आठच्या सुमारास ती उत्तरेला साठ अंशांहून उंच असते. धुऊन निघालेली हवा तेव्हा वर्षातील सर्वांत पारदर्शक असते. पुढे गळीत हंगाम सुरू झाला, की गुऱ्हाळांचा, कारखान्यांचा व पेटवलेल्या पाचटाचा धूर थंड रात्री जमिनीलगत साचतो. मृगातील अभ्रिका या काळात ६८ अंशांपर्यंत चढत असल्याने तिच्यावर त्याचा परिणाम कमी होतो. भिंगावर साचणाऱ्या दवासाठी मात्र नदीकाठच्या गावांत दुर्बिणीच्या तोंडाशी हीटरची पट्टी बांधावीच लागते.